सहा आकड्यांचा माणूस

बेंगळुरूच्या कोरमंगल, इंदिरानगर यांसारख्या भागांत पटावरचे खेळ मांडून बसता येईल अशी उपाहारगृहे गेल्या काही वर्षांत निघाली आहेत. शनिवार-रविवारी तेथे डोकावल्यास एखाद्या टेबलाभोवती चार-पाच तरुण मंडळी कागद-पेन्सिल घेऊन बसलेली दिसतात. पट नसतो, सोंगट्याही बहुधा नसतात. मात्र वीस बाजूंचा एक फासा अधूनमधून गडगडतो आणि त्यासरशी हशा किंवा हळहळ उमटते. हा रोल-प्लेइंग गेम, म्हणजे भूमिका घेऊन खेळावयाचा खेळ. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे नोकरी-शिक्षणानिमित्त या शहरात असतात आणि सुट्टीत घरी आली की हा खेळ मांडू पाहतात. नियमांचे जाडजूड पुस्तक पाहून वडीलधारी मंडळी लांबूनच नमस्कार करतात. वास्तविक, पात्राच्या कागदावरील सहा आकडे समजले की खेळात बसण्यापुरती तयारी होते.

या प्रकारातील पहिला प्रसिद्ध खेळ म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला आणि १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. फाशांचे खेळ आपल्याला नवे नाहीत. बेंगळुरूपासून जवळच असलेल्या म्हैसूरचे महाराज तिसरे कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) यांना पटावरच्या खेळांचा मोठा व्यासंग होता. संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडला गेलेला मोक्षपट तर सर्वांच्या परिचयाचा आहे. फरक इतकाच, की मोक्षपटात गुण-दुर्गुण पटाच्या घरांत लिहिलेले असतात आणि दान पडेल तसे ते आपल्या वाट्याला येतात. या खेळात ते आपल्या पात्रातच असतात, आणि त्यांची वाटणी आधी आपणच करावयाची असते.

उदाहरणादाखल एक पात्र घेऊ. १६३८ मध्ये बंगळूर विजापूरकरांच्या हाती आले आणि शहाजीराजांना त्याची जहागीर मिळाली. त्या काळातील एक जासूद रात्री मातीच्या कोटात शिरू पाहतो आहे, अशी कल्पना करा. कोट चढण्यास लागते ते बळ. पाय न वाजवता पहारा चुकविण्यास चपळाई. पात्र किती घाव सोसेल आणि उपासतापासात किती टिकेल, ते काटकपणावर ठरते. या तिन्ही गुणांविषयी कोणाचा गोंधळ होत नाही.

गोंधळ होतो तो पुढच्या दोहोंत. इंग्रजीत त्यांना इंटेलिजन्स आणि विज्डम म्हणतात. शब्दकोशातून ‘बुद्धी’ आणि ‘शहाणपण’ असे शब्द उचलले की दोन्ही एकच वाटू लागतात. खेळातील अर्थ निराळा आहे. जासुदाला सापडलेला कागद फारसी आहे की कानडी हे ओळखणे, जुना हिशेब आठवणे, नकाशा समजणे ही बुद्धी. पहारेकरी खोटे बोलतो आहे हे त्याच्या चेहऱ्यावरून ताडणे, ओल्या मातीतले पाऊल नजरेस पडणे हे विज्डम. माझ्या मते त्यासाठी मराठीत ‘सावधपण’ हाच शब्द अधिक योग्य. बँकेतील मंडळींना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. नोटेवरील सर्व सुरक्षा-चिन्हे पाठ असणे ही बुद्धी. गड्डी मोजताना एका नोटेपाशी बोट थबकणे हे सावधपण. सहावा गुण प्रभाव, म्हणजे समोरच्यावर छाप पाडण्याची ताकद. रूपाशी त्याचा संबंध असलाच तर दूरचा.

आता आकड्यांकडे वळू. मूळ पद्धतीत सहा बाजूंचे तीन फासे टाकून बेरीज घेत. म्हणून गुण ३ ते १८ या टप्प्यात येतात आणि सरासरी साडेदहा पडते. अठरा पडण्याची शक्यता २१६ मध्ये एक. नशिबावर हवाला ठेवावयाचा नसेल, तर २७ अंकांची पुंजी घेऊन गुण ‘विकत’ घेण्याची सोय आहे. आठ गुण फुकट मिळतात. तेरापर्यंत प्रत्येक गुणास एक अंक, चौदावा व पंधरावा मात्र प्रत्येकी दोन अंकांना. वरच्या पायऱ्या महाग ठेवल्यामुळे सगळेच गुण उंच नेता येत नाहीत. हिशेब नको असणाऱ्यांसाठी १५, १४, १३, १२, १०, ८ असा तयार संच दिलेला असतो. त्याची बेरीज करून पाहावी. किंमत बरोबर २७ अंकच भरते.

खेळताना हा मोठा आकडा थेट वापरला जात नाही. त्यातून दहा वजा करून निम्मे करावयाचे, अपूर्णांक आल्यास खालचा पूर्णांक घ्यावयाचा. पंधराचे अधिक दोन, दहाचे शून्य, आठचे उणे एक. वीस बाजूंचा फासा टाकून जे पडेल त्यात ही रक्कम मिळवितात आणि सूत्रधाराने ठरविलेल्या आकड्याशी ताडून पाहतात. कोट चढण्यास पंधरा हवेत, असे समजा. पंधरा बळाच्या जासुदाला फाशावर तेरा किंवा अधिक लागतील, म्हणजे शंभरात चाळीस वेळा यश. आठ बळाच्या जासुदाला सोळा लागतील, तरी शंभरात पंचवीस वेळा तोही चढेल. नवख्यांच्या ध्यानात सहसा न येणारी गोष्ट हीच. पंधरा आणि आठ यांत कागदावर केवढे अंतर दिसते, पण फाशाच्या वीस बाजूंपैकी ते अवघ्या तीन बाजूंचे असते. बलवान माणूस दहात सहा वेळा घसरतो. अंगवळणी पडलेल्या कामाला सुरुवातीस आणखी दोन मिळतात. तालीम केलेला पंधरा बळाचा जासूद निम्म्या वेळा चढून जातो.

म्हणून आकडे पाहून पात्र ‘हुशार’ किंवा ‘ढ’ ठरविण्याची घाई करू नये. आपल्या व्यवहारातील क्रेडिट स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान माणसाने काल काय केले ते सांगतो. हे आकडे पुढच्या क्षणी काय घडू शकेल, एवढेच सांगतात. घरातील मुलाने पात्राच्या बुद्धीपुढे आठ लिहिले म्हणून ‘हे काय लिहिलेस?’ असे विचारण्यापूर्वी पंधरा कोठे ठेवले आहेत ते पाहावे. शाळेच्या गुणपत्रिकेत सहाही विषयांत चांगले गुण हवे असतात. येथे पुंजीच पुरत नाही. ज्या कामासाठी पात्र निवडले, त्या गुणाला पंधरा द्यावेत. काटकपणाला शक्यतो आठ देऊ नयेत, नाहीतर जासूद पहिल्याच चकमकीत पडतो. उरलेला आठ कोठेही चालतो, आणि बहुधा गंमत त्यातूनच येते. आठ प्रभावाचा जासूद वेशीवर अडकला की पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतविण्यासाठी त्याला सोबत्याकडेच पाहावे लागते.

एक व्यावहारिक सूचना. पंधरा आणि चौदा, दोहोंचे अधिक दोनच होतात, मग पंधरासाठी दोन अंक का मोजावेत, असा प्रश्न हिशेबी वाचकाला पडलाच असेल. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार पात्राच्या पूर्वायुष्यावरून काही गुणांत एक-दोनाची भर पडते. पंधराचे सोळा झाले की अधिक तीन मिळतात. पुढे चौथ्या पातळीस आणखी दोन गुण वाढविता येतात, कमाल वीसपर्यंत. तेव्हा आकडे शाईने न लिहिता पेन्सिलीने लिहावेत आणि खोडरबर जवळ ठेवावे.