सुट्टी, शिबिरं आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब

उन्हाळी शिबिरांवर लिहायला बसलेला माणूस आधी अमेरिकेला जाऊन येतो. ती वारी उरकून घेऊ. १८६१ साली कनेक्टिकटमधल्या फ्रेडरिक गन या शिक्षकांनी आपल्या शाळेतली मुलं तंबूंसकट समुद्रकाठी नेली. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर वीसेक मुलगे जमवले आणि त्यातून स्काउट चळवळ निघाली. झाली वारी.

आपल्याकडे १९४१ साली राष्ट्र सेवा दल उभं राहिलं, एस. एम. जोशी दलप्रमुख झाले आणि शिबिर हा शब्द मध्यमवर्गीय घरांत रुळला. पहाटे उठणं, श्रमदान, कवायत, बौद्धिक, रात्री समूहगान. मला कवायतीचं कधी प्रेम वाटलं नाही. पण जातपात न विचारता एका पंगतीत बसून, आपलं ताट आपण घासणारी पोरं त्या शिबिरांनी तयार केली. पुढे निघालेल्या संस्कार शिबिरांनी यातली फक्त शिट्टी उचलली.

नाटकाची परंपरा देखणी आहे. १९५९ साली सुधा करमरकरांनी ‘मधुमंजिरी’ आणलं, मतकरींनी बालनाट्याची स्वतंत्र चूल मांडली, सुलभा देशपांडेंनी ‘आविष्कार’च्या चंद्रशालेत मुलांना घडवलं. १९८६ साली मोहन आगाशे यांनी बर्लिनचं ग्रिप्स थिएटर पुण्यात आणलं, तेव्हा राजकन्या-राक्षस बाजूला सरले आणि रंगमंचावर मुलांचे खरेखुरे प्रश्न आले. यावर जाणकारांनी पुष्कळ लिहिलंय. माझी तक्रार एवढीच, की नाट्यशिबिरात शेवटच्या दिवसाचा प्रयोग पहिल्या दिवसापासून मानगुटीवर बसतो. झाड झालेल्या मुलाला आठवडाभर झाडच राहावं लागतं.

आता माझ्या आवडीच्या गल्लीत शिरतो. संपादकांनी शब्दमर्यादा घातली आहे, ती इथेच मोडेल.

अरविंद गुप्ता कानपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर होऊन पुण्यात ट्रक बनवणाऱ्या कंपनीत लागले. १९७८ च्या सुमारास रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथल्या आठवडी बाजारात त्यांना सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब दिसली. चाकात हवा भरायच्या नळीवर चढवतात, ती काळी बारीक रबरी नळी. तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, गूल खरवडून काढलेल्या आगपेटीच्या काड्या दोन्ही टोकांनी खुपसायच्या, की सांधा तयार. आम्ही महाराष्ट्रभर शिबिरांतून हे मिरवलं, आणि ‘भंगारवाले’ ही पदवीही मिळवली. ती देणारे गृहस्थ आता रोबोट शिकवतात.

तर मुलं आधी त्रिकोण करतात. दाबून बघतात, तो हलत नाही. मग चौकोन. चौकोन लगेच कलंडतो. का, ते सांगायचं नाही, ही आमच्याकडची एकमेव शिस्त. कोकणातल्या एका शाळेच्या पडवीत पाचवीतली एक मुलगी त्या लटपटत्या चौकोनाला टेकू द्यायला निघाली. बाभळीच्या काट्यानं समोरासमोरच्या दोन सांध्यांना भोकं पाडली आणि तिरकी काडी बसवायला गेली. काडी पुरेना. शेजारच्या पोरानं सल्ला दिला, “मोठी काडी माग ना सरांकडं.” ती म्हणाली, “थांब रे.” चौकोनच हळूहळू दाबत नेला, पतंगासारखा झाला, ते दोन सांधे जवळ आले आणि तीच काडी नेमकी बसली. आता तो हलेना. तिनं उचलून डोळ्यांसमोर धरला आणि ओरडली, “अगो, ह्ये दोन त्रिकोणच!”

चौरसाचा कर्ण बाजूपेक्षा मोठा असतो, हे तिला पुस्तकात पुढे कधीतरी भेटणार होतं. त्या दुपारी तिनं ते बोटांनी ओळखलं. या धंद्यात आमच्यासारखी माणसं टिकून राहतात ती असल्या आरोळीसाठी. मानधनासाठी राहिलो असतो, तर केव्हाच घरी बसलो असतो.

पुण्यात आयुकाच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत याच कामाला हक्काचं घर मिळालं. त्या इमारतीला पुलंच्या कुटुंबाच्या देणगीचा हातभार लागला, तिचं नाव ‘पुलस्त्य’. आणि गरवारे बालभवनात शोभाताई भागवतांनी तर काहीच न शिकवण्याचंही शिक्षण असतं, हे पालकांच्या गळी उतरवलं. हे काम आमच्या काड्या-नळ्यांहून अवघड.

आताची शिबिरं? परीक्षा संपल्या की खांबांवर फलक लागतात. सकाळी अबॅकस, मग कॅलिग्राफी, दुपारी ‘व्यक्तिमत्त्व विकास’. नऊ वर्षांच्या पोराचं व्यक्तिमत्त्व सात दिवसांत विकसित करून प्रमाणपत्रासह परत. विज्ञानाचं शिबिर असेल तर खोका मिळतो. त्यात सगळे भाग मोजून घातलेले, सोबत आकृती. कमी काही पडतच नाही, मग काडी पुरली नाही तर काय करायचं, हा प्रश्न येणार कुठून? आणि पालकांच्या ग्रुपवर तासातासाला फोटो टाकायचे म्हणून ताईंचं अर्धं लक्ष मोबाईलमध्ये.

काही गोष्टी काळानंच नेल्या. फोटोच्या रिळांच्या काळ्या डब्यांपासून आम्ही हातपंप करायचो, त्या डब्या रिळांबरोबर गेल्या. नव्या सायकलींचे व्हॉल्व्ह बदलले, त्यामुळे ट्यूबसाठी जुनी दुकानं शोधावी लागतात. आजकालचे काही उत्साही तरुण त्याऐवजी शीतपेयाच्या स्ट्रॉ आणि टाचण्या वापरतात. मला ते सांधे ढिले वाटतात, असं त्यांना तोंडावर सांगितलं, तर त्यातली एक म्हणाली, “काका, ढिले असले की मुलं घट्ट कसे करायचे ते शोधतात.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, मे महिन्यात तिच्या शिबिराला जाणार आहे, ट्यूबचं वेटोळं खिशात घेऊनच.