कोलेस्टेरॉलची गोळी आणि स्मरणशक्ती

उतारवयातील व्यापारी बंधूस जुन्या गिऱ्हाइकाचे नाव आठवेनासे झाले, की मनात शंका डोकावते : कोलेस्टेरॉल उतरविण्यासाठी घेत असलेली गोळी तर याचे कारण नसेल? ही शंका अगदीच निराधार नव्हे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. परंतु शरीरातील कोलेस्टेरॉलचा जवळजवळ पंचमांश भाग त्यात असतो. मज्जातंतूंवरील आवरण त्यावाचून घडत नाही. मात्र रक्तातील कोलेस्टेरॉल मेंदूत सहसा शिरत नाही. मेंदू आपल्यापुरते ते स्वतःच तयार करतो.

जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्दो यांना १९७३ साली पहिले स्टॅटिन लाभले, ते क्योतो येथील एका धान्याच्या दुकानातील तांदळावरच्या बुरशीतून! ही औषधे मुख्यतः यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखतात. सिम्वास्टॅटिनसारखी काही मेंदूतही पोहोचतात. क्वचित विस्मरण होते व औषध थांबविल्यावर ते बहुधा ओसरते, अशी सूचना अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने २०१२ साली माहितीपत्रकात घालावयास लावली. तथापि ब्रिटनमधील २०,५३६ व्यक्तींवरील सुमारे ५ वर्षांच्या चाचणीत सिम्वास्टॅटिन घेणारे व औषधविरहित गोळी घेणारे यांच्या बुद्धिशक्तीत फरक आढळला नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत हृदयविकाराचे झटके व पक्षाघात मात्र सुमारे चतुर्थांशाने घटले.

म्हणून विस्मरण जाणवल्यास गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांस सांगावे. औषध किंवा मात्रा बदलता येते. पक्षाघाताने गेलेली वाचा परत येईलच, असे नाही.