बधिर पायाखालचं रबर

मी वर्ध्याचा, मेकॅनिकलचा प्राध्यापक. मेकॅनिकल म्हटलं की लोकांना लेथ आणि इंजिन आठवतं. माझ्या प्रयोगशाळेत मात्र सिलिकॉन रबराचे डबे आणि कार्बनची काळी भुकटी. मऊ सेन्सर हा माझा पीएच.डी.चा विषय. रबरात पुरेसा कार्बन कालवला की त्यातून थोडी वीज वाहते. रबर ताणलं की कण एकमेकांपासून दुरावतात, विजेला होणारा अडथळा वाढतो आणि तो मोजून ताण कळतो.

असा सेन्सर लावायचा कुठे, हे वर्ध्याच्या माणसाला शोधावं लागत नाही. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम उभं केलं. सेवाग्रामात गांधीजींनी कुष्ठरुग्ण परचुरेशास्त्रींची शुश्रूषा केली. कुष्ठरोगाचे जंतू औषधाने मरतात, पण एकदा पुरती गेलेली नस सहसा परत येत नाही आणि पाय बधिरच राहतो. पऱ्हाटीचं खुंट तळव्यात घुसलं तरी माणूस चालत राहतो. त्याहून घातक म्हणजे एकाच जागी पावलागणिक पडणारा दाब. आपल्याला दुखतं म्हणून आपण नकळत पाय बदलतो. बधिर पायाला ते कळत नाही आणि जखम होते. मधुमेहातही हेच घडतं.

वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड पुढे अमेरिकेत कारव्हिलला गेले. तिथे त्यांनी हातमोज्यांत आणि बुटांत दाब ओळखणारे सेन्सर बसवून पाहिले. १९६९ मध्ये त्यावर त्यांचा निबंधही छापून आला. दाब वाढला की इशारा वाजायचा. पण सेन्सर महाग, नाजूक. आणि हातातलं काम उरकायचं असलं की रुग्ण इशारा बंदच करून टाकत. खरी वेदना अशी बंद करता येत नाही. सेन्सरवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण वाचलंच पाहिजे. आमच्याकडे तर रबर ताण सोडल्यावर लगेच मूळ जागी येत नाही, घाम लागतो आणि मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की आकडे सरकतात. शोधनिबंधाला एसीतला आलेख पुरतो, पायाला पुरत नाही.

म्हणून मी मेटामटेरियलकडे वळलो. यात गुण पदार्थापेक्षा त्याच्या आतल्या रचनेतून येतो. जगदीशचंद्र बोसांनी १८९८ मध्ये ज्यूटचे पिळलेले जुडगे वापरून विद्युतलहरींची कंपनदिशा फिरवून दाखवली होती. ज्यूट तेच, किमया पिळाची. १९८७ मध्ये रॉडरिक लेक्स यांनी साधा फोम तिन्ही बाजूंनी दाबून तापवला, तसाच थंड केला आणि ताणल्यावर बारीक होण्याऐवजी रुंद होणारा फोम मिळवला. आम्हाला चपलेच्या तळात बारीक भिंतींची जाळी हवी आहे: ठरावीक दाबापर्यंत ताठ, त्यापुढे भिंती कलंडाव्यात आणि भार शेजारी वाटला जावा. ना बॅटरी, ना इशारा, ना बंद करायचं बटण. सेन्सर अजून लागतो, पण कोणत्या तळव्याला कुठे मऊ जाळी द्यायची हे मोजण्यापुरता.

अवघड आहे ते टिकाऊपण. लाखो पावलांनी रबराच्या भिंती थकतात, आणि शेतातली माती जाळीत भरली की ती जाळी राहतच नाही. आज तरी मायक्रोसेल्युलर रबराची साधी एमसीआर चप्पल तिच्याहून भरवशाची आहे, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगतो.

घरात कुणाचे पाय बधिर असतील, तर रोज संध्याकाळी उजेडात त्यांचे तळवे बघा. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून खडा, काटा आहे का ते पाहा. लालसर डाग दिसला तर दुखत नाही म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.