नवानंतर अकरा

पिंगुळीच्या गुढीपुरात चित्रकथी रंगते तेव्हा सांगणाऱ्याच्या पुढ्यात पोथी असते. सुट्या चित्रांच्या या गठ्ठ्यात एकेका कथेची तीसपासून पन्नासपर्यंत चित्रं असतात, पाठीला पाठ लावून चिकटवलेली. वीणा लागते, टाळ आणि हुडूक साथीला येतात. एक चित्र उभं राहतं, त्याचा प्रसंग सांगून होतो आणि मग दुसरं येतं. कथा रामायण-महाभारतातल्या. युद्धात कोण पडणार हे समोरच्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असतं. तरीही तो प्रसंग आला की ऐकणारा सावरून बसतो.

सावंतवाडीच्या राजांचा आश्रय गेला, करमणुकीची साधनं बदलली, पण ठाकर समाजातल्या काही घरांनी पोथ्या सोडल्या नाहीत. परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली ती या राखणीसाठी. गेलेल्यांची गोष्ट जिवंत ठेवायची तर कुणीतरी ठरल्या वेळी बसून ती पुन्हा सांगावी लागते, हे पिंगुळीला वेगळं शिकवावं लागत नाही. फुटबॉलचे जुने क्लब आपल्या दुःखांचं नेमकं हेच करतात.

पिंगुळीजवळच्या कुडाळला कोकण रेल्वेत बसलं की मडगाव लांब नाही, आणि मडगावला उतरलं की फातोर्ड्याचं स्टेडियम जवळच. गोव्यातल्या धेंपो क्लबकडे असं एक दुःख आहे. 5 डिसेंबर 2004. बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. धेंपोचा ब्राझिलियन आघाडीवीर क्रिस्तियानो ज्युनियर याने पहिला गोल केला. दुसराही त्यानेच केला. त्याच क्षणी गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. वय 25. धेंपोने सामना 2-0 असा जिंकला, पण त्या कपचा आनंद करायला कुणाचं मन धजणार? मैदानावरच्या वैद्यकीय सोयींबद्दल देशभर संताप उसळला, आणि तो रास्त होता.

क्लबने त्याचा दहा नंबर निवृत्त केला. त्याच हंगामात धेंपोने राष्ट्रीय लीग पहिल्यांदा जिंकली.

नंबर बाजूला ठेवणं ही वरवर साधी गोष्ट. पण तिचं काम कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. फुटबॉलमध्ये दहा नंबर म्हणजे पेले, मॅराडोना. प्रत्येक पोराला हवा असतो तोच. तो बाजूला ठेवला की यादीत नवानंतर अकरा येतो. बापाबरोबर पहिल्यांदा सामना बघायला गेलेलं पोर विचारणारच, ‘‘बाबा, धा नंबर खंय गेलो?’’ मग बापाला सांगावं लागतं. पोथीतलं चित्र उभं राहावं तसा तो डिसेंबर उभा राहतो, आणि जन्माच्या आधी गेलेला खेळाडू त्या पोराचा होऊन जातो. 2016 मध्ये धेंपोने आय-लीग सोडली आणि 2024-25 च्या हंगामात क्लब तिथे परतला. मधल्या काळात माणसं निव्वळ जिंकण्या-हरण्यावर टिकत नाहीत. अशा गोष्टींचा धागा लागतो.

इटलीतल्या तोरिनो क्लबची रीत तर चित्रकथीच्या आणखी जवळची. 4 मे 1949 रोजी लिस्बनहून परतणारं त्यांचं विमान सुपेर्गाच्या टेकडीवर, बॅसिलिकाच्या मागच्या भिंतीवर आदळलं. 31 माणसं गेली. त्या काळचा इटलीतला सर्वांत बलाढ्य संघ एका संध्याकाळी संपला. उरलेले चार सामने तोरिनोच्या युवा संघातली पोरं खेळली, आणि समोरच्या क्लबांनीही आपली पोरंच उतरवली. आज 4 मे आला की संघ टेकडी चढतो, खाली समर्थकांची गर्दी उभी असते, आणि कर्णधार एकेक नाव मोठ्याने वाचतो. 31 नावं वाचायला वेळ लागतो. तेवढा वेळ द्यायचाच, यात त्या विधीचा जीव आहे.

लिव्हरपूलचं प्रकरण अधिक कडवट. 15 एप्रिल 1989 रोजी हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीने अखेर 97 जीव घेतले, आणि वर दोष समर्थकांच्याच माथी मारला गेला. 2016 साली ज्युरीने समर्थक निर्दोष असल्याचं सांगितलं, तोवर 27 वर्षं लोटली होती. जर्सीच्या मानेमागचा 97 हा आकडा म्हणूनच निव्वळ शोकाचा नाही, लढ्याचा आहे. मृतांच्या घरच्यांनी हा लढा सोडला नाही आणि गाव त्यांच्यामागे उभं राहिलं. जर्सीवर आकडा छापणं सोपं, त्या घरांच्या मागे उभं राहणं कठीण. समर्थक क्लबला जोखतो ते दुसऱ्या गोष्टीवरून.

कोलकात्यात 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात 16 प्रेक्षक दगावले. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन्ही बाजू त्या तारखेपुढे मात्र एकच. तिथे या दिवशी रक्तदान शिबिरं भरतात. मेलेल्यांच्या नावाने जिवंतांना रक्त देण्याइतकी नेमकी श्रद्धांजली क्वचितच सापडेल.

सिंधुदुर्गातल्या गावांत फुटबॉलपेक्षा कबड्डी आणि टेनिस-बॉल क्रिकेट अधिक. पण ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असा फलक लागल्याशिवाय स्पर्धेला शोभा नाही. टेबलावर हार घातलेला फोटो, बहुतेकदा तिथलाच एखादा अकाली गेलेला खेळाडू. समई लागते, नारळ फुटतो. लाऊडस्पीकरवरचा माणूस, जो पुढचे चार तास थांबणार नाही, तो आधी त्याचं नाव घेतो, कुठल्या वाडीचा, चढाईला कसा जायचा ते सांगतो. दोन्ही संघ उभे राहतात. फोटोतल्या माणसाला कधीच न पाहिलेला कोवळा चढाईपटू वाकून मैदानाची माती कपाळाला लावतो, आणि शिट्टी होते.