जमाखर्चात न दिसणारा घसारा

बँकेतील सेवाकाळात असंख्य ताळेबंद तपासले. यंत्राचा घसारा प्रत्येकात असे. माणसाचा कोठेच नसे. ‘मास्टोडॉन’ची माहिती वाचताना त्याची पुन्हा आठवण झाली.

२०१६ साली जर्मनीत आरंभ झालेल्या या समाजमाध्यमाच्या जाळ्याला कोणी एक मालक नाही. हजारो स्वतंत्र सर्व्हर परस्परांशी जोडलेले असतात. जणू एकाच पेठेतील, पण निरनिराळ्या मालकीच्या पेढ्या. २०२२ मध्ये ट्विटरची मालकी बदलली आणि लक्षावधी लोक इकडे वळले. सर्व्हरचे भाडे बहुधा देणग्यांतून निघते. परंतु शिवीगाळ, फसवणूक आणि बीभत्स चित्रे दूर करणारे मॉडरेटर बहुतांशी विनावेतन स्वयंसेवक असतात. आपापला नोकरी-व्यवसाय सांभाळून ते तक्रारी निवारतात. भाडे खर्ची पडते. मनाचा घसारा मात्र कोणी लिहीत नाही.

अशा स्वयंसेवकांना साहाय्य करणाऱ्या ‘इफ्टास’ या संस्थेलाच २०२५ मध्ये निधीअभावी बालशोषणाची चित्रे हुडकणारी आपली सेवा थांबवावी लागली.

निधी तुटपुंजा असला तरी खर्चाचा क्रम ठरविता येतो. कामाच्या पाळ्या लावाव्यात, सक्तीची विश्रांती द्यावी. तक्रारीतील चित्रे धूसर व कृष्णधवल दिसतील अशी सोय करावी. मनावरील आघात त्याने सौम्य होतो. यास खर्च अल्प. पुढे देणग्यांतील ठरावीक हिस्सा समुपदेशन व मानधनासाठी राखावा आणि हिशेब सभासदांपुढे उघडा ठेवावा.

सर्व्हर बिघडला तर दुसरा भाड्याने मिळतो. थकून निघून गेलेला विश्वासू माणूस तसा मिळत नाही, हे व्यापारी कुटुंबांना मी वेगळे सांगावयास नको.