अमेरिकेचे ब्रीदवाक्य आणि त्यातील 'आम्ही'

आम्ही वाणिज्य शाखेचे आणि पेशाने कारकून. त्यामुळे कोणत्याही देशाची नोट हाती आली तरी आधी तिच्यावरची अक्षरे वाचतो. अमेरिकेच्या एक डॉलरच्या नोटेवर मागील बाजूस दोन वाक्ये आहेत. मध्यभागी ठळकपणे 'इन गॉड वुई ट्रस्ट', म्हणजे 'देवावर आमचा भरवसा आहे'. उजव्या अंगाला गरुडाची राजमुद्रा असून त्याच्या चोचीतील फितीवर बारीक लॅटिन अक्षरे आहेत, 'ई प्लुरिबस युनम', म्हणजे 'अनेकांतून एक'. त्या देशाचे अधिकृत ब्रीदवाक्य आज पहिले आहे. दुसरे त्याहून जुने, पण बाजूला पडलेले. ही अदलाबदल कशी झाली ते आपल्या घरांतून माहीत असलेले बरे, कारण तसाच प्रश्न आपल्या संविधान सभेतही मतास पडला होता.

'अनेकांतून एक' हे शब्द १७७६ साली फ्रँकलिन, अ‍ॅडम्स व जेफर्सन यांच्या समितीपुढे आले आणि १७८२ साली राजमुद्रेवर कायम झाले. मात्र त्यांना फार डोक्यावर घेण्याचेही कारण नाही. त्यातले 'अनेक' म्हणजे तेरा राज्ये. शेतात राबणारा कृष्णवर्णीय गुलाम त्यात धरलेला नव्हता, आणि खुद्द जेफर्सन यांच्याकडे गुलाम होते. देवाचे वाक्य यादवी युद्धाच्या काळात, १८६४ साली, प्रथम दोन सेंटच्या नाण्यावर आले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा एक सेंटच्या नाण्यावर ही दोन्ही वाक्ये होती. परंतु देवाचे वाक्य तेव्हा नाण्यापुरतेच होते, राष्ट्राचे झालेले नव्हते.

ते राष्ट्राचे झाले शीतयुद्धात. रशिया नास्तिक, म्हणून आपण आस्तिक असल्याचे जगाला दिसले पाहिजे, असा तो हिशेब होता. ११ जुलै १९५५ रोजी सर्व नाण्यांवर व नोटांवर हे वाक्य छापण्याचा कायदा झाला आणि ३० जुलै १९५६ रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या सहीने ते राष्ट्राचे ब्रीदवाक्य ठरले. संसदेत फारशी चर्चा झाली नाही. देवाच्या विरोधात हात वर करून मतदारांपुढे जायचे कोणी?

आता याच दोन वर्षांतली दुसरी बाजू पाहा. काळ्या व गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे १९५४ मध्ये दिला होता. त्याला विरोध करणारा जाहीरनामा दक्षिणेतील खासदारांनी मार्च १९५६ मध्ये काढला. त्यावर सह्या करणाऱ्यांत फ्लोरिडाचे चार्ल्स बेनेट होते, आणि नोटांवर देवाचे नाव घालणारे विधेयकही त्यांनीच आणले होते. म्हणजे ज्या हाताने 'आमचा भरवसा' लिहिले, त्याच हाताने काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेबाहेर ठेवण्याच्या बाजूने सही केली. त्याच सुमारास मोंटगोमेरी शहरात कृष्णवर्णीय कामगार, मोलकरणी बसवर बहिष्कार टाकून वर्षभर पायी कामाला जात होत्या. त्यांच्या सभा चर्चमध्येच भरत आणि प्रार्थनेने सुरू होत. तेव्हा भांडण देवाशी नव्हते. त्या वाक्यातल्या 'आम्ही'मध्ये कोण बसतो आणि कोण दाराबाहेर उभा राहतो, हा खरा वाद होता.

पुढे राजकीय पक्षांनी हा विषय पुन्हा पुन्हा काढला. नोव्हेंबर २०१० मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी जकार्ता येथील भाषणात 'अनेकांतून एक' हेच आपले ब्रीदवाक्य असल्याचे सांगितले. लगेच ४२ खासदारांनी, त्यात बहुतेक रिपब्लिकन, चूक सुधारण्याविषयी पत्र धाडले. १ नोव्हेंबर २०११ रोजी रिपब्लिकनांचे बहुमत असलेल्या प्रतिनिधीगृहाने १९५६ च्या ब्रीदवाक्यास पुन्हा पुष्टी देणारा ठराव आणला. ब्रीदवाक्याला हात कोणी लावला आहे, असा विरोधकांचा सवाल होता. तो रास्तच होता. देशात तेव्हा बेकारी सुमारे ९ टक्के होती आणि ठरावानंतर ओबामांनीही लोकांना कामे देण्याची आठवण केली. ठराव मात्र ३९६ विरुद्ध ९ मतांनी संमत झाला. विरोधी नऊ जणांत आठ डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन होता. फ्लोरिडात २०१८ च्या कायद्याने हे वाक्य सरकारी शाळांतून लावणे सक्तीचे झाले. त्या शाळांत देव न मानणाऱ्या घरांची मुले बसतात, बौद्ध घरांचीही बसतात. न्यायालयांत दावे झाले, पण हे वाक्य केवळ औपचारिक व देशभक्तिपर आहे, असे न्यायाधीश म्हणाले. खरे तर याचा राग श्रद्धावंतांनाच यायला हवा होता!

आपल्याकडे हा प्रसंग १७ ऑक्टोबर १९४९ रोजी आला. सरनाम्याची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' करावी अशी दुरुस्ती मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेले हरी विष्णू कामत यांनी मांडली. श्रद्धेचे स्वातंत्र्य म्हणजे न मानण्याचेही स्वातंत्र्य, असे थानू पिल्ले यांनी सांगितले. हृदयनाथ कुंझरू यांना त्यात संकुचित वृत्ती दिसली. देवाला मतदानास लावू नका, अशी विनवणी पूर्णिमा बॅनर्जी यांनी केली, परंतु कामत हटले नाहीत. बाजूने ४१, विरुद्ध ६८.

विरोध करणाऱ्या त्या ६८ जणांत देव मानणारे थोडेथोडके नसणार. सरनामा 'आम्ही, भारताचे लोक' याच शब्दांनी सुरू झाला. कामतांचा आग्रह पूर्ण वाया गेला असेही नाही, कारण संविधानाच्या तिसऱ्या परिशिष्टात मंत्री, खासदार, आमदार व न्यायाधीश यांच्यासाठी दोन मार्ग आहेत. ज्याला हवे तो ईश्वरसाक्ष शपथ घेतो, ज्याला नको तो गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो. दोघांची सही एकाच नोंदवहीत होते.