संघ महिलांचा, सूत्रे पुरुषांकडे

भारतीय महिला क्रिकेट संघाचे मुख्य प्रशिक्षकपद एका महिलेकडे शेवटचे होते ते २०१७ मध्ये. इंग्लंडमधला विश्वचषक तोंडावर आलेला असताना पूर्णिमा राव यांना बाजूला करून तुषार आरोठे यांची नेमणूक झाली. राव यांच्याच कारकिर्दीत संघाने २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात टी-ट्वेंटी मालिका जिंकली होती आणि २०१७ च्या फेब्रुवारीत कोलंबोची पात्रता स्पर्धाही. आरोठेंनंतर रमेश पोवार, डब्ल्यू. व्ही. रामन, पुन्हा पोवार आणि २०२३ पासून अमोल मुझुमदार आले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताने विश्वचषक जिंकला, त्यामुळे मुझुमदारांच्या निवडीवर बोट ठेवायला जागा नाही. खटकते ते निराळेच. सुधा शाह, अंजू जैन, राव यांच्याकडे हे काम होते तेव्हा या खेळात ना पैसा होता, ना कॅमेरे. २०१७ च्या विश्वचषकातल्या अंतिम सामन्यानंतर दोन्ही आले आणि तेव्हापासून या पदावर एकही महिला आलेली नाही. २०२५ च्या विश्वचषकातल्या आठ संघांपैकी फक्त ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्या मुख्य प्रशिक्षक महिला होत्या: शेली नित्शके आणि शार्लट एडवर्ड्स.

अमेरिकेत हे आधीच आणि फार मोठ्या प्रमाणावर घडून गेले आहे. १९७२ मध्ये तिथे ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींना खेळात समान संधी देणे त्याने बंधनकारक केले. त्याआधी महाविद्यालयांतल्या मुलींच्या संघांपैकी ९० टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक महिलाच असत, बहुतेकदा तुटपुंज्या मानधनावर किंवा फुकट. कायद्यामुळे मुलींच्या खेळाला निधी मिळाला, प्रशिक्षकाला नीट पगार मिळू लागला. मुलामुलींचे वेगवेगळे क्रीडाविभाग एकत्र झाले आणि त्यांच्या प्रमुखपदी बहुतेक ठिकाणी पुरुष बसले. पगाराची नोकरी झाल्यावर पुरुषांचे अर्ज येऊ लागले आणि निवडणारेही पुरुषच होते. आज मुलींच्या निम्म्याहून कमी संघांना महिला प्रशिक्षक आहेत. मुलांच्या संघांत हे प्रमाण शंभरात जेमतेम चार-पाच. मुलींची संधी वाढवणाऱ्या कायद्याने त्यांच्या शिक्षिकांची जागा मात्र आक्रसली, हे तो लिहिणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसावे.

नेमणूक नाकारताना सांगितले जाणारे कारण बहुधा एकच असते: अनुभव कमी. त्याची खरी परीक्षा बेकी हॅमन यांच्या बाबतीत झाली. एनबीए या अमेरिकेतल्या पुरुषांच्या बास्केटबॉल लीगमधल्या सॅन अँटोनियो स्पर्स संघात त्या २०१४ पासून सहाय्यक प्रशिक्षक होत्या. ३० डिसेंबर २०२० रोजी लेकर्सविरुद्धच्या सामन्यात पंचांनी मुख्य प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांना दुसऱ्या क्वार्टरमध्ये बाहेर काढले. जाता जाता पॉपोविच यांनी हॅमन यांच्याकडे बोट केले आणि उरलेला सामना हॅमन यांनी सांभाळला. एनबीएच्या सामन्यात महिलेने मुख्य प्रशिक्षकाचे काम पाहण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या उन्हाळ्यात पोर्टलँड संघाने त्यांची मुलाखत घेतली, पण नेमले चॉन्सी बिलप्स यांना. खेळाडू म्हणून बिलप्स नावाजलेले खरे, पण सहाय्यक प्रशिक्षक म्हणून त्यांच्या गाठीशी एकच हंगाम होता. हॅमन यांची सात वर्षे कमी भरली. त्या महिलांच्या लीगमधल्या लास व्हेगास एसेसकडे गेल्या आणि २०२२, २०२३, २०२५ अशी तीन विजेतेपदे त्यांनी मिळवली.

भारतातली वाटही अशीच अडलेली आहे. वरच्या पदाला लागणारा अनुभव मिळतो तो रणजी संघ आणि आयपीएलमध्ये, आणि आयपीएलच्या कुठल्याही संघाने महिलेला मुख्य प्रशिक्षक केलेले नाही. पुरुषाला मात्र पुरुषांच्या आणि महिलांच्या, दोन्ही संघांची दारे खुली. महिलेला पुरुष खेळाडू जुमानणार नाहीत, ही शंकाही आडून घेतली जाते. दिल्लीच्या सुनीता शर्मा यांनी कसोटी यष्टिरक्षक दीप दासगुप्ताला घडवले आणि २००५ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळवला, हे अशा वेळी कुणाला आठवत नाही. शिवाय करार छोटे, दौरे लांबलचक आणि घरच्या मुलाबाळांची जबाबदारी बाईचीच, हे गृहीत.

पद मिळाले तरी प्रश्न मिटत नाही. यानेके स्कॉपमन या २००८ च्या ऑलिम्पिक सुवर्णविजेत्या डच संघातल्या. टोकियोनंतर त्या भारतीय महिला हॉकी संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. जानेवारी २०२४ मध्ये रांचीत संघाची पॅरिस ऑलिम्पिकची संधी हुकली. फेब्रुवारीत, आपल्याला इथे मान मिळत नाही, पुरुष संघाच्या प्रशिक्षकाला मिळणारी वागणूक वेगळी असते, असे त्या जाहीरपणे म्हणाल्या आणि काही दिवसांत पायउतार झाल्या. हॉकी इंडियाने आरोप फेटाळला. फुटबॉलमध्ये गोव्याच्या मेमोल रॉकी २०१७ ते २०२१ राष्ट्रीय महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या. त्यांच्यानंतर स्वीडनचे थॉमस डेनर्बी आले.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या डब्ल्यूपीएल या महिलांच्या क्रिकेट लीगने नवी शिडी उभी केली. शार्लट एडवर्ड्स यांनी मुंबई इंडियन्सला २०२३ आणि २०२५ मध्ये विजेतेपद मिळवून दिले आणि इंग्लंडचे पद त्यांच्याकडे चालून आले. झूलन गोस्वामी त्याच संघात गोलंदाजी प्रशिक्षक आहेत. पहिल्या चार हंगामांत पाचांपैकी एकाही संघाने भारतीय महिलेला मुख्य प्रशिक्षक नेमले नाही.